२ मार्च १९३० : काळाराम मंदिर सत्याग्रह

रविवारचा दिवस. नाशिकमध्ये जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेल्या सुमारे पंधरा हजार अस्पृश्य स्त्री-पुरुषांची मिरवणूक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली पंचवटीतील काळाराम मंदिराकडे प्रवेशासाठी निघाली. मंदिराचे दरवाजे बंद होते. मिरवणूक गोदाकाठी वळली, तिथे सभा झाली आणि दुसऱ्या दिवसापासून दरवाजांवर शांततेने धरणे सुरू झाले. संघटनेची मुख्य धुरा कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी वाहिली. हा लढा इतका टिकला तो मुख्यतः त्यांच्यामुळे.

या निर्धारामागे पहिल्या महायुद्धानंतरचे दशक होते. युद्धात माणसे हवी होती तेव्हा ब्रिटिश सरकारने अस्पृश्य महारांची पलटण उभारली आणि १९२१ मध्ये ती मोडून टाकली. गावी परतलेल्या शिपायापुढे पुन्हा महार वतनाची, म्हणजे गावकामाची सक्तीची राबणूक होती. ती संपावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात महार वतनाचे विधेयक मांडले. त्याआधी १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला होता.

नाशिकचा सत्याग्रह सुरू झाल्यानंतर दहाच दिवसांनी मिठाच्या सत्याग्रहासाठी गांधीजी दांडीला निघाले. देशाचे लक्ष तिकडे गेले. इथले सत्याग्रही मात्र हटले नाहीत. त्या वर्षी रामनवमीच्या रथावरून दंगल झाली, त्यांच्यावर दगड पडले, अनेकांना तुरुंगवास घडला. तरीही पाच वर्षांत दार उघडले नाही. अखेर १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केले, की आपण हिंदू म्हणून मरणार नाही.