लोणारचा खार नक्की किती? एका न झालेल्या खाणीची गोष्ट

मागच्या उन्हाळ्यात नमुने गोळा करायला लोणारला गेले होते. एसटी स्टँडजवळच्या टपरीवर चहा घेताना शेजारी बसलेल्या एका काकांनी विचारलं, "मॅडम, तळ्यात येवढा खार पडेल हाय, मंग इथं कारखाना काहून नाही झाला?" मी हसून काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. पण खरं सांगायचं तर तो प्रश्न माझ्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणाचाच प्रश्न आहे. बुलढाणा जिल्ह्यातली पोरं कामासाठी पुण्याला नाहीतर संभाजीनगरला जातात, आणि गावाजवळ खनिज पडून असतं. कुणालाही हे कोडंच वाटणार. म्हणून आज त्या काकांना नीट उत्तर देते.

आधी थोडी ओळख. लोणारचं विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं. आत साधारण १.२ किलोमीटर रुंदीचं तळं. पाणी इतकं अल्कधर्मी की त्याचा सामू १० च्या आसपास असतो. काठावरचे झरे मात्र गोडे! गोमुखाची धार तुम्ही पाहिली असेल, तर हा विरोधाभास तुमच्याही लक्षात आला असेल. उन्हाळ्यात पाणी मागे हटतं आणि चिखलावर पांढरी साय धरते. तोच खार. रसायनशास्त्राच्या भाषेत सोडियमचं कार्बोनेट आणि बायकार्बोनेट, सोबत बरंचसं साधं मीठ. कार्बोनेट आणि बायकार्बोनेट एकत्र स्फटिक होतात तेव्हा त्या खनिजाला ट्रोना म्हणतात. आपल्या घरातल्या पापडखाराचा हा सख्खा भाऊ.

हा खार कुणाला माहीत नव्हता, असं अजिबात नाही. अकबराच्या काळातल्या 'आईन-ए-अकबरी'त या तळ्याची नोंद आहे, आणि तीही काच व साबण यांच्या कच्च्या मालाची जागा म्हणून, सरकारी उत्पन्नासकट. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने या जागेची दखल घेतली. पुढे १८५३ च्या तहानं वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं, आणि मग सरकारी कागदांत लोणारचा खार वारंवार दिसू लागतो. या नोंदींमध्ये खाराच्या वेगवेगळ्या प्रतींना दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी नावं आहेत. मला ही यादी फार आवडते. प्रयोगशाळा यायच्या आधी, चिखलात उतरून खार काढणाऱ्या लोकांनी प्रतवारी केलेली होती. कुठला खार कुठे मिळतो, कशाला चालतो, काय भावाला जातो, हे त्यांना ठाऊक होतं. खनिजाच्या मूल्यमापनाची पहिली पायरी त्यांचीच, फक्त प्रबंधात तसं कुणी लिहीत नाही.

आता मुद्द्यावर येऊ. खनिज 'आहे' आणि खनिज 'काढण्याजोगं आहे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आज भारतात खनिजाचा शोध चार टप्प्यांत मोजतात. जी-४ म्हणजे नुसती प्राथमिक पाहणी, मग जी-३, जी-२ आणि शेवटी जी-१ म्हणजे तपशीलवार शोध. प्रत्येक टप्प्यात भोकं वाढतात, नमुने वाढतात, अंदाजातली चूक कमी होते आणि खर्च वाढतो. लोखंड असो, मॉलिब्डेनम असो की खार, प्रश्न तेच: किती आहे, कितपत शुद्ध आहे, काढायला काय पडेल आणि विकून काय मिळेल?

लोणारसाठी हे प्रश्न पद्धतशीरपणे विचारले गेले १९१२ मध्ये. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नियतकालिकात ला टूश आणि ख्रिस्ती या दोघांचा लेख आला. विषय लोणारचं भूशास्त्र, आणि जोडीला खाराच्या साठ्यावर टिपण. एकाच लेखात हे दोन्ही विषय का, हे मला सुरुवातीला कळलं नव्हतं. वाटलं, सोयीसाठी बांधलेली मोळी असेल. पण नाही. त्यांचं नातं घट्ट आहे.

एक साधं गणित करू. आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेत, मोजलेले नाहीत. तळ्याचं क्षेत्रफळ धरा ११ लाख चौरस मीटर. एक मीटर खोलीचं पाणी म्हणजे ११ लाख घनमीटर. लिटरमागे १० ग्रॅम क्षार असतील, तर घनमीटरमागे १० किलो. म्हणजे एकूण ११ हजार टन. ऐकायला भरपूर वाटतं ना? पण आता उन्हाळा आला. अर्धं पाणी उडून गेलं. तुम्ही बाटली भरली तर लिटरमागे २० ग्रॅम भरतील. खार दुप्पट झाला का? नाही, पाणी निम्मं झालं. म्हणून ज्या नमुन्यासोबत त्या दिवसाची पाण्याची पातळी लिहिलेली नाही, तो साठ्याच्या हिशोबाला निरुपयोगी. माझ्या पहिल्याच वर्षीच्या सहा बाटल्या मी याच चुकीपायी बाद केल्यात, म्हणून इतक्या ठामपणे सांगतेय.

आणि खरा प्रश्न पुढेच आहे. हे ११ हजार टन काढून घेतले, तर पुढच्या वर्षी परत किती येतील? याचं उत्तर खार येतो कुठून, यावर अवलंबून आहे. एकोणिसाव्या शतकात बहुतेक भूशास्त्रज्ञांना लोणार ज्वालामुखीय वाटत होतं. दख्खनच्या बेसाल्टमधला गोल खड्डा, दुसरं काय सुचणार? तसं असेल तर खार खोलातून, पृथ्वीच्या पोटातून वर येत असण्याची शक्यता उरते, आणि मग साठा जवळजवळ अक्षय. उलट खार भोवतालच्या खडकातून पाझरत येत असेल तर तो मोजकाच. म्हणजे विवर कसं झालं हा अभ्यासकांचा वाद वाटतो, पण तोच कारखानदाराच्या ताळेबंदाचा पहिला रकाना होता.

याच काळात जगाच्या दुसऱ्या टोकाला असंच एक विवर पैशाच्या नजरेनं पाहिलं जात होतं. अमेरिकेतल्या ॲरिझोनाचं विवर. भूशास्त्रज्ञ गिल्बर्टनं १८९६ मध्ये त्याची लोणारशी तुलना केली आणि ते वाफेच्या स्फोटानं झालं असं ठरवलं. खाण अभियंता डॅनिएल बॅरिंजरला ते पटलं नाही. त्याच्या मते ती अशनीची धडक होती आणि लोखंड-निकेलचा प्रचंड गोळा तळाशी गाडलेला होता. १९०३ मध्ये त्यानं कंपनी काढली आणि पुढची पंचवीसेक वर्षं भोकं पाडली. धडकेबद्दल तो बरोबर होता, गोळ्याबद्दल चूक. १९२९ मध्ये खगोलशास्त्रज्ञ मोल्टननं हिशोब मांडून दाखवलं, की अशनी समजत होते त्याहून फार लहान होता आणि धडकेच्या उष्णतेत बहुतांश उडून गेला असणार. त्याच वर्षी बॅरिंजर वारला.

लोणारचा निकाल १९७३ मध्ये लागला. फ्रेडरिकसन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांनी 'सायन्स' या नियतकालिकात लिहिलं, की विवराच्या तळातून घेतलेल्या भोकांत धक्का बसलेले खडक मिळाले. त्यात मास्केलिनाइट होतं. प्रचंड दाबानं फेल्डस्पार न वितळता काचेसारखं होतं, ते हे. असा दाब ज्वालामुखी देत नाही. लोणार बेसाल्टमधलं धडकेचं विवर ठरलं आणि चंद्रावरून आणलेल्या नमुन्यांशी त्याची तुलना सुरू झाली.

मग खार कुठला? आजचं उत्तर सोपं आहे. झरे आणि पाऊस बेसाल्टमधून थोडं थोडं सोडियम, कॅल्शियम विरघळवून आणतात. तळ्याला बाहेर जायला वाट नाही, फक्त बाष्पीभवन. कॅल्शियम चुनखडीच्या रूपात आधीच खाली बसतं, सोडियम पाण्यात उरतं आणि हजारो वर्षं साचत जातं. म्हणजे हे व्याज आहे, फार हळू मिळणारं. मुद्दल एकदाच काढता येतं.

आता बाजार. १८६० च्या दशकात सॉल्वे पद्धत आली आणि मीठ व चुनखडीपासून सोडा स्वस्तात बनू लागला. आपल्याकडेही ध्रांगध्रा आणि मिठापूरला कारखाने उभे राहिले. आजचा मोठा कारखाना वर्षाला लाखो टन सोडा काढतो. आमच्या उदाहरणातलं लोणारचं सगळं मुद्दल अशा कारखान्याला काही दिवसच पुरेल. नैसर्गिक ट्रोना कुठेच परवडत नाही असं नाही. केनियातल्या मगाडी सरोवरात विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तो काढतात, आणि तो उद्योग आता टाटा केमिकल्सकडे आहे. पण मगाडी सुमारे शंभर चौरस किलोमीटरचं, तळाशी ट्रोनाचे जाड थर. लोणार जेमतेम एक चौरस किलोमीटरचं, आणि खारात मीठ मिसळलेलं.

तर काका, कारखाना न होण्यामागे कुणाचं कारस्थान नव्हतं. साठा लहान, भरपाई संथ, शुद्धीकरण महाग. पण या सगळ्या मोजमापातून एक गोष्ट आपल्या हाती राहिली. १९१२ चं विश्लेषण ज्या उद्योगासाठी होतं तो उभा राहिला नाही, आणि तरी तेच आकडे आज माझ्या कामाचा पाया आहेत. २०२० च्या जूनमध्ये तळं गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं कारण शोधलं: क्षार वाढल्यावर फोफावणारे हॅलोआर्किया. त्याच वर्षी लोणार रामसर स्थळ झालं. क्षार पूर्वीपेक्षा वाढताहेत की घटताहेत, हे ठरवायला 'पूर्वी' मोजून ठेवलेलं लागतं. ते खाणीचा हिशोब करायला आलेल्या माणसांनी मोजून ठेवलंय.

पुढच्या खेपेला त्या टपरीवर गेले की हे सगळं सांगणार आहे. काकांचा पुढचा प्रश्न मला आत्ताच ऐकू येतोय: "मंग पोरायच्या कामाचं काय?" त्याचं उत्तर माझ्या प्रबंधात नाही. तळं जपून गावाला काय मिळालं, याचाही असाच ताळेबंद कुणीतरी मांडायला हवा, आणि तोही पाण्याच्या पातळीसकट.