एक पेटी, अनेक यंत्रे

आपल्या ग्रंथालयाच्या ज्येष्ठ सभासदांना ‘रेडिओग्राम’ आठवत असेल. सुखवस्तू घरांच्या दिवाणखान्यात हे लाकडी कपाट मोठ्या मानाने ठेवलेले असे. रेडिओ आणि ग्रामोफोन त्यात एकत्र नांदत आणि दोहोंचा आवाज एकाच कर्ण्यातून बाहेर पडे. तथापि तबकडीवरची खाच आणि आकाशातून येणारी लहर यांची जात निराळी ती निराळीच राहिली. शेजार होता, एकरूपता नव्हती.

आज खिशातल्या दूरध्वनीवर गाणे, छायाचित्र, पत्र आणि ग्रंथ एकत्र येतात, ते केवळ पेटी लहान झाल्यामुळे नव्हे. अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली संदेशवहनाचा गणिती सिद्धान्त मांडला. संदेश कोणताही असो, तो ‘बिट’ या एकाच एककाने, म्हणजे शून्य किंवा एक या निवडीने, मोजता येतो हे त्यातून स्पष्ट झाले. १९८२ साली सोनी व फिलिप्स यांची कॉम्पॅक्ट डिस्क जपानमध्ये विक्रीस आली आणि स्वरही आकड्यांत उतरला. सेकंदाला ४४,१०० वेळा ध्वनीचे माप घेऊन!

१९९४ साली आयबीएमचा ‘सायमन’ अमेरिकेत आला. दूरध्वनी, फॅक्स, ई-मेल, पत्त्यांची वही आणि दिनदर्शिका असा त्याचा थाट होता, पडद्यावर बोट टेकवून तो चालविता येई. वजन सुमारे अर्धा किलो. बोलणे सुरू राहिले तर बॅटरी तासाभरात मान टाकी. पण बोलणाऱ्याचा आवाज अजून जुन्या, अनुरूप पद्धतीच्या जाळ्यावरूनच जात होता. म्हणून त्याला रेडिओग्रामचाच धाकटा भाऊ म्हणणे मला अधिक योग्य वाटते. पुढे २००० साली जपानमध्ये शार्पच्या दूरध्वनीवर टिपलेले छायाचित्र त्याच दूरध्वनीवरून धाडता येऊ लागले, आणि २००७ साली अ‍ॅपलचा आयफोन आला. त्याच कंपनीने आपला लोकप्रिय गाण्यांचा आयपॉड २०२२ साली बंद केला. त्याचे काम दूरध्वनीने केव्हाच गिळले होते.

ग्रंथसंग्रह सांभाळणाऱ्यांना मात्र या कथेतला एक उपप्रसंग अधिक अस्वस्थ करील. इंग्लंडच्या इ. स. १०८६ मधील ‘डूम्सडे’ या जमीनमहसुलाच्या नोंदग्रंथास नऊशे वर्षे झाली, म्हणून बीबीसीने १९८६ साली त्याची नवी आवृत्ती सिद्ध केली. मजकूर, नकाशे, छायाचित्रे आणि चलत्चित्रे दोन लेसर-तबकड्यांवर एकत्र आणली. शाळकरी मुलांनी आपापल्या गावांची वर्णने लिहून पाठविली होती. त्या तबकड्या वाचणारे यंत्र मात्र खास त्यांच्यासाठीच घडविलेले होते. पंधरा-सोळा वर्षांत अशी चालू यंत्रे दुर्मीळ झाली. अखेर लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांच्या संशोधकांनी २००२ साली त्या यंत्राचे सोंग वठविणारी संगणकप्रणाली रचली, तेव्हा कोठे मुलांची ती गावे पुन्हा वाचता आली. मूळ चर्मपत्रावरचा ग्रंथ लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. लॅटिन जाणणारा कोणीही अभ्यासक तो आजही वाचू शकतो.