दास्यमुक्ती: मालकाच्या मर्जीपासून मुक्ती प्रमाणपत्रापर्यंत

मालकाने आपल्या दासाला कायदेशीररीत्या मोकळे करणे म्हणजे दास्यमुक्ती. नारदस्मृतीत तिचा विधी आहे. मालक दासाच्या खांद्यावरचा पाण्याचा घडा फोडतो, अक्षता व फुले घातलेले पाणी त्याच्या डोक्यावर शिंपडतो आणि तो आता दास नाही, असे तीनदा जाहीर करतो. मर्जी मात्र मालकाचीच.

धम्मातील संदर्भ
पाली भाषेत मुक्त दासाला ‘भुजिस्स’ म्हणतात. विनयपिटकानुसार उपसंपदेपूर्वी उमेदवाराला दोन प्रश्न लागोपाठ विचारले जातात: तो भुजिस्स आहे का आणि ‘अनण’, म्हणजे कर्जमुक्त, आहे का? उपासकासाठी तथागतांनी निषिद्ध ठरवलेल्या पाच व्यापारांत माणसांचा व्यापारही आहे.

कायद्याचा प्रवास
पेशवाईत कुणबिणींची खरेदी-विक्री होत असे. १८४३ च्या कायद्याने गुलामावरील मालकीहक्काची न्यायालयीन मान्यता संपली. १८६० च्या दंड संहितेने ही खरेदी-विक्री गुन्हा ठरवली. वतनाच्या नावाखालची पिढीजात राबणूक मात्र चालूच राहिली. तिच्याविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. कनिष्ठ गावकी वतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. संविधानाचा अनुच्छेद २३ वेठबिगारीला मनाई करतो. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने वेठबिगार थेट मुक्त झाले आणि त्यांचे कर्जही संपले. मालकाची संमती लागत नाही.

शिरूर-दौंडमध्ये काय पाहावे?
भीमा-घोडकाठच्या या पट्ट्यात ऊसतोडीला आणि वीटभट्ट्यांवर बाहेरगावची कुटुंबे उचल घेऊन येतात. उचल घेतलेला प्रत्येक मजूर वेठबिगार नसतो. पण उचलीपोटी किमान वेतन नाकारले, दुसरीकडे कामाला जाऊ दिले नाही किंवा गावी जाण्यापासून अडवले, तर कायदा लागू होतो. कर्ज वेठबिगारीचे नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी सावकारावर असते.

अशा वेळी जिल्हाधिकारी किंवा प्रांताधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करावी. चौकशीनंतर मिळणारे मुक्ती प्रमाणपत्र फार महत्त्वाचे आहे. त्यावरच पुनर्वसनाची मदत मिळते. तातडीच्या मदतीसाठी मालकाला शिक्षा होईपर्यंत थांबावे लागत नाही. मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मजूर अनुसूचित जाती-जमातीचा आणि मालक त्याबाहेरचा असेल, तर अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचे कलमही लावायला सांगावे.

मजुराला नुसते गावी पोहोचवून थांबू नये. प्रमाणपत्र हाती नसेल, तर जुन्या उचलीचा तगादा लावत मुकादम पुन्हा दारात उभा राहतो.