लागले की सरले? वयाच्या एका जुन्या हिशेबाची गोष्ट

थ्रेड. विषय वाढदिवसाचा आहे, पण वाटेत लंडनचे एक न्यायालय लागेल, एक ताम्रपट लागेल आणि शेवटी एस.टी.चे तिकीटही लागेल. वेळ असेल तेव्हाच उघडावा.

गेल्या आठवड्यात मी पंचवीस वर्षांची झाले. हे वाक्य निर्विवाद आहे असा माझा समज होता. रात्री बाराच्या ठोक्याला वसतिगृहातल्या मैत्रिणींनी केक आणला. त्यावर २ आणि ५ या आकड्यांच्या मेणबत्त्या. सकाळी सात वाजता आजीचा फोन : "सव्विसावं लागलं की गं तुला. आज नखं काढू नको, कुणाशी भांडू नको, आणि दुधात तीळ-गूळ घालून घे." दुपारी एका पदभरतीचा अर्ज भरायला बसले, तर तिथे वयाचे तीन रकाने : वर्षे, महिने, दिवस, आणि तेही आजच्या तारखेला नव्हे, अर्जाच्या अंतिम तारखेला. एका दिवसात माझी तीन वये झाली.

आजी चुकली, असे आपण सहज म्हणू. परंतु ती चुकलेली नाही. ती एका वेगळ्या, अधिक जुन्या पद्धतीने मोजते. तिच्या हिशेबात वय म्हणजे किती वर्षे संपली हे नव्हे, तर कितवे वर्ष चालू आहे. मराठी भाषेने हा हिशेब अजून टाकलेला नाही. आपण 'विसावे लागले' म्हणतो आणि 'विसावे सरले'ही म्हणतो, आणि या दोहोंत एका वर्षाचे अंतर असते. चौकातल्या फलकावरचे दादा वाढदिवसाला नेहमी पुढच्या वर्षात 'पदार्पण' करतात. साठ वर्षे पूर्ण झाली की आपण समारंभ करतो आणि त्याला नाव देतो एकसष्टी! मुंजीचे वय तर शास्त्राने गर्भापासून आठवे असे सांगितले. म्हणजे मोजणीची सुरुवातच जन्माआधीची.

घरात आणि गावात या दोन्ही पद्धती एकमेकींना धक्का न लावता शतकानुशतके नांदल्या, कारण वयाच्या आकड्यावर फारसे काही अवलंबूनच नव्हते. धक्का बसला तो छापील अर्जामुळे. त्याचे सर्वांत ठळक उदाहरण १८६९ सालचे आहे.

इंडियन सिव्हिल सर्व्हिसची परीक्षा तेव्हा केवळ लंडनमध्ये होत असे. त्यासाठी समुद्र ओलांडायचा, जातीचा रोष पत्करायचा, घरच्यांचा पैसा पणाला लावायचा. १८६३ साली सत्येंद्रनाथ टागोर ही परीक्षा उत्तीर्ण झालेले पहिले भारतीय ठरले. त्यानंतर १८६९ मध्ये एकदम चार भारतीय तरुण यशस्वी झाले : रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्त, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि आपल्या मुंबई इलाख्यातले श्रीपाद बाबाजी ठाकूर. पहिली तीन नावे पाठ्यपुस्तकांतून अधूनमधून भेटतात. चौथे नाव आपणच विसरलो आहोत.

निकाल लागला आणि मागोमाग बॅनर्जी व ठाकूर या दोघांची नावे यादीतून वगळण्यात आली. आरोप असा की त्यांचे वय परीक्षेच्या मर्यादेबाहेरचे आहे. उमेदवाराने एकविसावी मर्यादा ओलांडलेली नसावी, असा नियम होता.

आता कागद-पेन्सिल घ्या. सुरेंद्रनाथांचा जन्म १० नोव्हेंबर १८४८ चा. डिसेंबर १८६३ मध्ये त्यांनी कलकत्ता विद्यापीठाची प्रवेश परीक्षा दिली. तेव्हा वयाच्या रकान्यात लिहिले गेले : १६. वास्तविक त्यांची पंधरा वर्षे पूर्ण होऊन महिनाच झाला होता; सोळावे चालू होते. माझ्या आजीने लिहिले असते तर तिनेही १६ च लिहिले असते. परंतु लंडनच्या आयोगाने त्या सोळाचा अर्थ 'सोळा पूर्ण' असा घेतला. डिसेंबर १८६३ मध्ये सोळा पूर्ण, तर डिसेंबर १८६८ मध्ये एकवीस पूर्ण, सबब उमेदवार अपात्र. गणित बरोबर होते. फक्त ज्या आकड्यावर ते उभे होते त्याची भाषा आयोगाला ठाऊक नव्हती.

इथे थोडे थांबते. या प्रकरणाविषयी अनेक ठिकाणी असे लिहिलेले आढळते की सुरेंद्रनाथांचे वय हिंदू रूढीप्रमाणे गर्भधारणेपासून मोजलेले होते. वाचायला हे आकर्षक वाटते. पण हिशेब करून पाहा : गर्भधारणा १८४८ च्या आरंभीची धरली तरी डिसेंबर १८६३ मध्ये सोळा पूर्ण होत नाहीत, पावणेसोळाच भरतात. म्हणजे गर्भापासून मोजले तरी चालू वर्ष गृहीत धरल्यावाचून १६ हा आकडा निघत नाही. माझ्या मते ही सरळ 'लागले' आणि 'सरले' यांतलीच गफलत आहे.

सुरेंद्रनाथ तेव्हा वीस पूर्ण, एकविसावे चालू अशा वयाचे. आपल्यापैकी अनेकांहून लहान. परक्या शहरात, परक्या भाषेत, आपण नेमके कधी जन्मलो हे सिद्ध करण्याची वेळ त्यांच्यावर आली. जन्माची सरकारी नोंद नाही; जे काही होते ते घरच्यांचे स्मरण, कुंडली आणि 'आमच्याकडे वय असे मोजतात' ही सार्वत्रिक रीत. ते क्वीन्स बेंच न्यायालयात गेले. न्यायालयाने आयोगाला जाब विचारला आणि अखेर त्यांचे नाव यादीत परत आले. श्रीपाद बाबाजींचेही आले. मात्र सुरेंद्रनाथ विलायतेत असतानाच कलकत्त्यात त्यांचे वडील, डॉ. दुर्गाचरण, निवर्तले. मुलगा सनदी अधिकारी होऊन १८७१ मध्ये परतला तेव्हा ते पाहायला वडील नव्हते.

पुढची कथा परिचित आहे. १८७४ मध्ये सुरेंद्रनाथांना सेवेतून काढण्यात आले, १८७६ मध्ये त्यांनी इंडियन असोसिएशनच्या स्थापनेत पुढाकार घेतला आणि डिसेंबर १८९५ मध्ये पुण्याला भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या अकराव्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. वय ४७. आजीच्या हिशेबाने ४८.

ज्यांना शिलालेखांची आवड आहे त्यांच्यासाठी एक आडवळण. हीच गफलत आपल्या अभ्यासविषयातही ठाण मांडून बसलेली आहे. ताम्रपटात किंवा शिलालेखात शकाचे वर्ष येते तेव्हा पहिला प्रश्न असतो की ते 'गत' आहे की 'वर्तमान'. राज्यारोहण, दान, ग्रहण यांच्या तारखा त्यामुळे एका वर्षाने मागेपुढे सरकतात. तिथी-वाराचा मेळ घालून पाहिल्यावरच निवाडा होतो. गंमत अशी की आपल्या पंचांगातल्या शकाचा आकडा सामान्यतः सरलेल्या वर्षांचा असतो. म्हणजे शकाचे वय आपण इंग्रजी पद्धतीने मोजत आलो आणि माणसाचे मात्र चालू वर्षाने.

मग आपल्याकडे पूर्वी वाढदिवस होता की नाही? होता. १७९० साली पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्ये यांनी रचलेल्या 'धर्मसिंधू'त त्याचा स्वतंत्र विधी आहे. जन्मतिथीला तीळ लावून स्नान करावे, नवे वस्त्र नेसावे, कुलदेवता, आईवडील आणि मार्कंडेय, अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृप, परशुराम अशा दीर्घायुषी मंडळींचे पूजन करावे, तीळ-गूळ घातलेले दूध प्यावे. त्या दिवशी नखे-केस कापू नयेत, प्रवास करू नये, कलह करू नये. सकाळच्या फोनवर आजीने मला सांगितले ते सारे सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथात आहे. तिने तो ग्रंथ पाहिलेलाही नाही. (दूध मी वसतिगृहातल्या कॉफीच्या मगातून प्यायले. तीळ शेजारच्या खोलीतून मिळाले. प्रवास टाळता आला नाही, ग्रंथालय चार किलोमीटरवर आहे.)

या विधीत मला सर्वांत लक्षणीय वाटते ते तिथे नसलेले काहीतरी : आकडा. पाचव्या वर्षी जे करायचे तेच पन्नासाव्या वर्षी. शांतिविधी आहेत, पण ते उतारवयातले. अठरा, एकवीस, पंचवीस हे टप्पे त्यात कोठेच नाहीत. तारुण्यातले हे मुक्काम आपल्याला कायद्याने आणि अर्जाने दिले. १८७५ च्या सज्ञानता कायद्याने सर्वसाधारणपणे अठरा ही रेषा आखली आणि पुढे असेही सांगितले की जन्माचा दिवस पूर्ण धरावा आणि अठराव्या वार्षिक दिनाच्या आरंभीच माणूस सज्ञान झाला असे मानावे. पंचांगाचा दिवस सूर्योदयाला उगवतो, कायद्याचा मध्यरात्री. बाराच्या ठोक्याला केक कापणाऱ्यांनी आजीला हे कारण सांगून पाहावे. माझ्या बाबतीत उपयोग झाला नाही.

तिथी आणि तारीख यांच्या ताटातुटीतही एक मौज दडलेली आहे. चांद्रवर्ष सौरवर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्याने तिथीचा वाढदिवस दरवर्षी मागे सरकतो आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे उडी घेतो. पण १९ सौरवर्षे आणि २३५ चांद्रमास जवळजवळ समान असतात. त्यामुळे एकोणिसाव्या आणि अडतिसाव्या वाढदिवसाला तारीख व तिथी बहुधा पुन्हा एकत्र येतात, फार तर एका दिवसाचा फरक राहतो. ज्यांचे एकोणीस अजून व्हायचे आहेत त्यांनी पंचांग काढून ठेवावे.

केक, भेटवस्तू आणि आप्तांच्या मेळाव्याचा वाढदिवस आला कोठून? त्याचा एक धागा पुन्हा सत्येंद्रनाथ टागोरांच्याच घरात सापडतो. त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली आणि पत्नी ज्ञानदानंदिनी इकडे त्यांच्यासोबत राहिल्या. १८७७ मध्ये त्या मुलांना घेऊन विलायतेला गेल्या आणि तिथली वाढदिवस साजरा करण्याची चाल त्यांनी जोडासांकोच्या ठाकुरबाडीत आणली. पण ती होती लहान मुलांसाठी. वाढलेल्या माणसाचा वाढदिवस घरात रुजला तो १८८७ मध्ये, एका किशोरवयीन भाचीमुळे. सरलादेवी पहाटेच उठल्या, फुलांचे हार आणि धोतर-चादर घेऊन मामांच्या मुक्कामी गेल्या आणि त्यांना उठवून प्रणाम केला. मामांना त्या दिवशी सव्वीस पूर्ण झाली होती. मामांचे नाव रवींद्रनाथ. आज बंगालभर पंचवीस वैशाखाला जो सोहळा होतो, त्याचे मूळ घरातल्या मुलीने पहाटे नेलेल्या त्या हारात आहे. विधी नाही, पुरोहित नाही, आकड्याची मेणबत्तीही नाही.

आता आपल्या घरी येऊ. महाराष्ट्रातल्या कोणत्याही जुन्या शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर उघडा. १ जून ही तारीख पानोपानी भेटेल. वडीलधारे मुलाला शाळेत घालायला आणत, जन्मतारीख विचारली की "दुष्काळाच्या पुढच्या सालची" असे काहीतरी सांगत, आणि गुरुजी शाळेच्या वर्षाला सोयीची तारीख टाकून मोकळे होत. म्हणून ३१ मे रोजी सरकारी कचेऱ्यांत निरोप समारंभांची रीघ लागते. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी नियमाने आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. जन्मनोंदणी देशभर सक्तीची करणारा कायदा १९६९ चा. त्याआधीच्या पिढ्यांचे वाढदिवस असे गुरुजींच्या टाकातून उतरलेले आहेत.

माझ्या आजीच्या आधारकार्डावर १ जून १९५० आहे. ती उमरग्याच्या बाजूची, शिक्षण चौथीपर्यंत. पंचविशीच्या निमित्ताने मी तिला प्रथमच विचारले की तुझा जन्म खरा कधीचा. ती म्हणाली, "पोळ्याच्या तिसऱ्या दिवशी. माझं बारसं व्हायचं होतं, तेवढ्यात सोलापूरच्या रस्त्यानं फौजेच्या गाड्या आल्या. आई मला घेऊन रानात लपली होती रझाकारांच्या भेवानं."

एवढे पुरेसे होते. भारतीय सैन्य सोलापूरकडून नळदुर्गच्या दिशेने हैदराबाद संस्थानात शिरले ते १३ सप्टेंबर १९४८ ला. निजामाने शरणागती पत्करली १७ सप्टेंबरला. त्या वर्षी श्रावणी अमावास्या, म्हणजे पोळा, सप्टेंबरच्या अगदी आरंभी आला होता. पोळ्याचा तिसरा दिवस आणि बाराव्या दिवसाचे बारसे यांच्यामध्ये फौज बरोबर बसते. आजीने सांगितलेल्यात एका दिवसाचीही ओढाताण करावी लागली नाही. माझी आजी सप्टेंबर १९४८ च्या पहिल्या आठवड्यात जन्मली. कागदाहून ती पावणेदोन वर्षांनी मोठी आहे.

हे मी तिला मोठ्या अभिमानाने फोनवर समजावून सांगितले : नळदुर्ग, अमावास्या, चांद्रमास, सारे. तिने शांतपणे ऐकले. मग विचारले, "म्हणजे पंच्याहत्तर मला आधीच लागून सरली होती?"

हो, म्हटले.

"आणि एस.टी. पंच्याहत्तरनंतर फुकट आहे ना? मग पावणेदोन वर्षं मी अर्ध्या तिकिटाचे पैसे कशाला भरले?"