जागुआच्या रंगाची कुळकथा

पनामाच्या कॅरिबियन किनाऱ्यालगत गुना याला ही बेटांची रांग आहे. तिथल्या गुना या आदिवासी समाजाच्या घरात मुलीला पहिलं न्हाण आलं की घरातच पानांचा आडोसा उभारतात. तिला त्यात बसवून बायका समुद्राच्या पाण्याने वरचेवर न्हाऊ घालतात. मग अंगाला जागुआचा रस फासतात. हे झाड आपल्या अनंताच्या कुळातलं. कच्च्या फळाचा रस पाण्यासारखा दिसतो. कातडीला लागला की तिच्यातल्या प्रथिनांशी त्याचा संयोग होतो आणि काही तासांत तो निळसर काळा पडतो. साबणाने तो जात नाही, वरची त्वचा झडेल तसा फिका होत जातो. मला यातलं फार मोलाचं वाटतं ते हे, की रंग बायका लावतात, पण तो उमटतो मुलीच्या अंगामुळे. पुढे तिचे केस आखूड कापतात, चिचा हे आंबवलेलं पेय गावजेवणासारखं वाटलं जातं आणि कांतुले म्हणजे विधीचा गायक गात राहतो.

अंगावरच्या याच रंगकामातून मोला हे कापडावरचं नक्षीकाम आलं, असं मानतात. व्यापारातून सुती कापड मिळू लागलं, तशी नक्षी कापडावर उतरली. वेगवेगळ्या रंगांची कापडं एकावर एक ठेवायची, वरच्याला चीर द्यायची, कडा आत दुमडून बारीक टाके घालायचे. फटीतून खालचा रंग दिसू लागतो. असे तुकडे पोलक्याला पुढे-मागे लावतात.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पनामा सरकारने सुधारणेच्या नावाखाली मोला आणि बायकांच्या नाकातली सोन्याची कडी बंद करायला घेतली. फेब्रुवारी 1925 मध्ये गुनांनी उठाव केला आणि मार्चमध्ये अमेरिकेच्या मध्यस्थीने करार झाला. बायकांच्या अंगावरच्या खुणांसाठीही एक समाज लढला, हे अधिक ठळकपणे सांगायला हवं.

हाच मोला रंगमंचावरही पोचला. टोरंटोच्या रंगकर्मी मोनिक मोहिका गुना वंशातल्या. त्यांच्या आई ग्लोरिया मिगेल न्यूयॉर्कच्या स्पायडरवुमन थिएटर या नाट्यसंस्थेतल्या. ‘चॉकलेट वुमन ड्रीम्स द मिल्की वे’ या नाटकासाठी मोहिकांनी ओस्वाल्दो डेलिऑन कांतुले या गुना चित्रकाराला सोबत घेतलं आणि मोलाचे थर हीच प्रयोगाची बांधणी ठरवली. परंपरेतला नुसता रंग उचलून रंगमंचावर मांडणारे पुष्कळ असतात. मोहिकांनी शिवणाऱ्या बाईची रीतच घेतली, म्हणून मला त्यांचं काम अस्सल वाटतं.