उच्छ्वासाची साक्ष
आम्हा कवींना रक्ताचं भारी कौतुक. प्रत्येक साक्ष त्याच्याकडूनच मागतो. अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावच्या मुलींच्या कामी ते आलं नसतं. १९१७ पासून त्या अंधारात चमकणाऱ्या घड्याळांच्या तबकड्या रंगवत. कुंचल्याचं टोक ओठांनी करायचं. रंगात रेडियम! ते कॅल्शियमसारखं वागतं. रक्तात फार थांबत नाही, हाडांत ठाण मांडतं. जबडे सडले, कुणाला हाडांचा कर्करोग झाला. मालकांनी हात झटकले. १९२५ साली डॉ. हॅरिसन मार्टलँड यांनी रोग्यांचा उच्छ्वास तपासला. हाडांतल्या रेडियमपासून होणारा रेडॉन वायू त्यात निघाला. १९२८ साली पाचजणींना प्रत्येकी दहा हजार डॉलर मिळाले. रेडियम निम्मं व्हायला सोळाशे वर्षं लागतात. त्यांच्या कबरींत ते अजून आहे.