विष्ठेचे सोने

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, पेरू देशानजीक, चिंचा नावाची तीन लहान बेटे आहेत. पाऊस तेथे जवळजवळ पडतच नाही. थंड सागरप्रवाहामुळे समुद्रात माशांची रेलचेल, माशांपाठोपाठ पक्ष्यांचे थवे, आणि त्या पक्ष्यांची विष्ठा वाहून न जाता शतकानुशतके थरावर थर साचत गेलेली. यालाच ग्वानो म्हणतात. इंका लोकांना या खताचे मोल फार पूर्वीपासून ठाऊक होते. युरोपास ते कळावयास एकोणिसावे शतक उजाडावे लागले. १८४० च्या सुमारास इंग्लंडातील शेतकऱ्यांना त्याची गोडी लागली, आणि पुढील चाळीस वर्षांत एक कोटी टनांहून अधिक ग्वानो जहाजांत भरून परदेशी गेला.

असे ऐश्वर्य अकस्मात दाराशी आले म्हणजे घराचे काय होते, हे आम्हांस येथे पाहावयाचे आहे.

परदेशी व्यापाऱ्यांनी पेरूला लुबाडले, असे म्हणून हा विषय पुष्कळदा मिटविला जातो. त्यांत तथ्य नाही असे नाही. परंतु तेवढे पुरेसे नाही. ग्वानो ही सरकारची मालमत्ता होती. शेन हंट या अर्थेतिहासकाराच्या हिशेबाप्रमाणे विक्रीच्या उत्पन्नापैकी सुमारे ६० टक्के रक्कम सरकारच्या पदरात पडली. तेव्हा पैसा आला की नाही, हा खरा प्रश्न नव्हे. आलेल्या पैशाने काय केले, हा होय.

त्या पैशाने काही पुण्यकर्मेही झाली. १८५४ साली रामोन कास्तिया यांनी इंडियन प्रजेवरील डोईपट्टी रद्द केली आणि गुलामांना मुक्त केले. मालकांची नुकसानभरपाई ग्वानोच्या मिळकतीवर टाकण्यात आली. मात्र गुलामांच्या जागी चीनमधून करारबद्ध मजूर येऊ लागले. १८४९ ते १८७४ या काळात सुमारे ९०,००० चिनी पेरूत आणले गेले. त्यांतील बहुतेक किनाऱ्यावरील मळ्यांत राबले; काहींच्या नशिबी बेटांवरील जळजळीत धूळ आली. डोईपट्टी गेली हे उत्तमच झाले. पण तिच्या जागी दुसरा न्याय्य कर बसविण्याची निकड कोणासच वाटली नाही. तिजोरी भरण्यास पक्षी समर्थ असताना प्रजेपुढे हिशेब कोण मांडणार?

खर्चाचा तपशील हंट यांनी दिला आहे. निम्म्याहून अधिक वाढीव खर्च नोकरशाही व लष्कर यांनी गिळला. लोहमार्गांच्या वाट्यास सुमारे २० टक्के आला. राजधानी लिमात पैसा खेळू लागला, तशी महागाई वाढली आणि परदेशी माल स्वस्त वाटू लागला. सुतार, शिंपी, चर्मकार यांचे धंदे बसले. १८५८ च्या डिसेंबरात परदेशाहून तयार दारे-खिडक्या बंदरात उतरल्या, तेव्हा सुतारांनी दंगा केला. तो मोडून काढण्यात आला. ज्या कसबातून उद्या कारखाने उभे राहावयाचे, ते कसबच असे वाऱ्यावर गेले. नेदरलंड्समध्ये नैसर्गिक वायूमुळे हाच प्रकार पुन्हा दिसला, तेव्हा १९७७ साली त्यास ‘डच रोग’ हे नाव मिळाले. पेरूने तो शंभर वर्षांपूर्वीच भोगला होता.

धोका कोणास दिसलाच नाही असे मात्र नव्हे. ग्वानो संपण्यापूर्वी त्याचे लोहमार्गांत रूपांतर करा, असे मान्युएल पार्दो १८६० च्या सुमारासच सांगत होते. सल्ला ऐकला गेला, पण विपरीत रीतीने. १८६९ साली फ्रान्सच्या ड्रेफस पेढीशी वीस लाख टनांचा करार झाला आणि त्याच्या तारणावर १८७० व १८७२ साली प्रचंड कर्जे काढली गेली. हेन्री मेग्ज या अमेरिकन कंत्राटदाराने आंदीज पर्वत चढणारे मार्ग आखले. १८७२ साली पार्दो स्वतः राष्ट्राध्यक्ष झाले, तो तिजोरी रिकामी! उत्तम थर संपत आलेले, सोऱ्याची स्पर्धा उभी ठाकलेली. १८७६ साली कर्जफेड थांबली. १८७९ साली चिलीशी युद्ध जुंपले, आणि १८८३ च्या तहाने सोऱ्याचा तारापाका प्रांतही गेला. अखेर १८९० साली ते लोहमार्ग ६६ वर्षांसाठी इंग्रज धनकोंच्या हवाली करावे लागले.

यावरून संपत्ती हाच शाप, असा निष्कर्ष काढणे आम्हांस मान्य नाही. शाप असलाच तर तो भांडवलास उत्पन्न समजण्याचा. साठा विकून आलेला पैसा ही मिळकत नव्हे. ती वडिलोपार्जित जमीन विकून आलेली रक्कम होय. तिच्यावर पगार आणि मिरवणुका चालविणाऱ्या कुटुंबाचे पुढे काय होते, हे आपल्यापैकी कोणास सांगावयास नको.

कहाणीचा शेवट मात्र वेगळा आहे. १९०९ साली पेरूने ग्वानोच्या व्यवस्थेसाठी स्वतंत्र कंपनी स्थापन केली. बेटांवर रखवालदार बसले, पक्ष्यांना अभय मिळाले. साठेल तेवढेच खणावयाचे आणि ते प्रथम आपल्या शेतांना द्यावयाचे, असे धोरण ठरले. डोंगर खणून संपल्यावर हे शहाणपण आले. ते आधी का आले नाही, हा प्रश्न एकट्या पेरूला विचारण्याजोगा नाही.